मंकीपॉक्सच्या (अंगावर पुरळ आणणाऱ्या, जवळच्या स्पर्शातून पसरणाऱ्या आजाराच्या) साथीत समलिंगी पुरुषांचं नाव घेऊन सावध करणं बरोबर होतं का?

निशिगंध:
२७ जुलै २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना सरळ सांगितलं, सध्या जोडीदारांची संख्या कमी करा. त्यावर बराच गदारोळ झाला. माझ्या मते ते बरोबरच होतं. त्याच महिन्यात १६ देशांतल्या ५२८ रुग्णांचा अभ्यास आला, त्यातले ९८ टक्के गे किंवा बायसेक्शुअल पुरुष होते. 'धोका सगळ्यांना सारखाच' असं सांगत बसलं असतं, तर आम्हीच गाफील राहिलो असतो. मी गे आहे, मला खरं काय ते ऐकायचंय.

सह्याद्रीकर:
साफ असहमत. १९८२ मध्ये एड्सला सुरुवातीला 'ग्रिड', म्हणजे समलिंगींशी जोडलेला आजार म्हणायचे. तो शिक्का अजून पुसला गेलेला नाही. अंगावर पुरळ आलेला लातूरचा पोरगा असली बातमी वाचून दवाखान्याची पायरी चढेल का?

निशिगंध:
शिक्का बसतो तो चारित्र्यावर बोट ठेवल्यामुळे. इथे मुद्दा जोडीदारांच्या जाळ्याचा आहे. एकापाठोपाठ तीन जोडीदार झाले, तर तिसऱ्याकडून आलेला संसर्ग पहिल्याकडे मागे जात नाही. तेच तिघे एकाच काळात असतील तर कुणाकडूनही कुणाकडे जातो. त्यात आपलं वर्तुळ छोटं, डेटिंग ॲपवर फिरून फिरून तेच चेहरे. शिवाय संबंधात एकच माणूस दोन्ही भूमिका घेतो, कधी देणारा, कधी घेणारा, त्यामुळे साखळी तुटत नाही. मोजकेच जोडीदार असलेलाही यात सापडतो. हे नाव न घेता कसं समजावणार?

रुग्णमित्र:
दोघांचंही थोडं पटतं. ऑगस्ट २०२२ च्या अमेरिकेतल्या पाहणीत जवळपास निम्म्या पुरुषांनी जोडीदार कमी केल्याचं सांगितलं, म्हणजे लोक ऐकतात. पण तिथे जोडीला लस होती, आपल्याकडे नुसता सल्ला. साध्या गोनोरियाचंच बघा, लैंगिक संबंधातून होणारा संसर्ग. घशात किंवा गुदद्वारात असेल तर बहुतेक वेळा लक्षणच नसतं, आणि नुसती लघवी तपासून तो सापडत नाही. तिथला स्वॅब घ्यायला हवा. त्यासाठी आधी डॉक्टरने न लाजता विचारायला हवं आणि पेशंटने न घाबरता सांगायला हवं.

सह्याद्रीकर:
मी हेच म्हणतोय! माझ्या ओळखीतला एकजण, बायकोमुलं असलेला, सिफिलिसचं, म्हणजे संबंधातून पसरणाऱ्या आणखी एका आजाराचं, इंजेक्शन घेऊन घरी आला. बायकोची तपासणी कशी करायची, तिला काय सांगायचं, यावर दवाखान्यात कुणी चकार शब्द काढला नाही. निशिगंध, जाळ्याचं म्हणता ते पटलं. पण त्या जाळ्यात ती बाईही आहे, आणि तुमच्या इशाऱ्यात तिचं नाव कुठेच नव्हतं.