मदत हवी आहे: सोरायसिसबद्दल मराठीतून नीट समजावणारं पुण्यात कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. कोथरूडला राहतो, वय ४६. अकरा वर्षं सोरायसिस (त्वचेचा जुनाट आजार) आहे. कोपरं, गुडघे आणि डोक्यात. काळा शर्ट घालणं कधीच सोडलंय, खांद्यावर पांढरे पापुद्रे पडतात. परवा सलूनवाल्याचा कंगवा मध्येच थांबला. "काका, हे दुसऱ्याला लागत नाही ना?" लागत नाही म्हटलं, पण मग होतं कशाने, ते मलाच धड सांगता येईना.

डॉक्टर चांगले आहेत, पण पाच मिनिटांत काय काय विचारणार! आता मेथोट्रेक्सेट हे औषध लिहून दिलंय. आठवड्यातून एकदाच, रोज नाही, याखाली त्यांनी दोनदा रेघ मारलीय. सकाळी बोटं आखडतात, ते यातलंच का, हे विचारायचं राहूनच गेलं. (पुढच्या वेळी कागदावर लिहून नेणार.)

तर, मोठ्या माणसांसाठी अशी माहिती देणारं शिबिर किंवा रुग्णांचा गट कुठे भरतो का? आणि नॅरोबँड यूव्हीबी (त्वचेवर अतिनील किरणांचा उपचार) घेतलेल्यांनी आठवड्याच्या दोन-तीन फेऱ्या नोकरी सांभाळून कशा जमवल्या?

'मुळापासून बरा करतो'वाले कृपया नकोत. तसल्या पुड्या घेऊन झाल्यात. बंद केल्यावर अंगभर उठलं होतं.