मदत हवी आहे: आजारी शॅमेलिऑनला औषध पाजताना जबडा जपायचा कसा? (नागपूर)

नमस्कार. आमच्याकडे दोन वर्षांची मादी शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) आहे, चिंगी. डोक्यावर तुरा असलेली, येमेनकडची जात. आपल्या रानात दिसतो तो घोयरा सरडा नव्हे. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि तो घरात ठेवता येत नाही. चिंगीची सरकारच्या परिवेश पोर्टलवर (परदेशी प्राण्यांची नोंद तिथे होते) नोंद केलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे चर्चा तिकडे वळणार नाही.

तीन आठवड्यांपूर्वी तिने ३८ अंडी घातली. या जातीच्या माद्या नर नसतानाही अंडी घालतात आणि त्यात अंगातलं कॅल्शियम जातं. अंडी घातल्यावर ती दमणार हे माहीत होतं, म्हणून मी आठवडाभर वाट बघितली. ती बघायला नको होती. आठव्या दिवशी समोर झुरळ धरलं. तिने दोन्ही डोळे त्यावर रोखले, तोंड उघडलं, जीभ जेमतेम बोटभर बाहेर आली आणि तशीच लोंबत राहिली. ती परत आत ओढायला तिला किती कष्ट पडले ते बघवत नव्हतं. एरवी अंगापेक्षा लांब जीभ फेकणारा हा प्राणी. फांदीवरची पकडही सुटत होती आणि पुढचा उजवा पाय वाकडा दिसत होता.

आधी ज्या दवाखान्यात नेलं तिथे नीट न तपासताच व्हिटॅमिनचं इंजेक्शन टोचलं. कोणी सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला न्या म्हणालं, पण ते जंगली प्राण्यांसाठी आहे. शेवटी सरपटणारे प्राणी बघणारे एक डॉक्टर मिळाले. एक्स-रेमध्ये हाडं इतकी फिकट दिसली की माझ्या पोटात गोळाच आला. उजव्या पायाच्या हाडाला चीर आहे आणि हिरडीत संसर्ग. मूळ कारण आमचा दिवा. यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, म्हणून विकत घेतला होता, पण तो नुसता तापत होता. त्यातली यूव्हीबी किरणं मिळाली नाहीत तर अंगात डी३ व्हिटॅमिन तयार होत नाही, आणि डी३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. दोन वर्षं मी तिच्या किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरत होते. ते बहुतेक वायाच गेलं.

आता नवी ट्यूब लावली आहे. दिवसातून दोनदा कॅल्शियमचं सिरप पाजायचं आणि दर ७२ तासांनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन पुढच्या पायात द्यायचं. इंजेक्शनं डॉक्टरांनी बारीक सिरिंजमध्ये भरून दिली आहेत, ती फ्रीझरमध्ये असतात. वजन अंडी घातल्यानंतर ९८ ग्रॅम होतं, आज ८७ भरलं.

माझं अडतं ते तिला धरताना. हात आत घातला की ती काळी पडते, फुगते, फूत्कारते. जबडा बोटाला रबरासारखा मऊ लागतो, त्यामुळे जोर करायची भीती वाटते. औषध देऊन झालं की अर्धा-पाऊण तास डोळे मिटून पडून राहते. काल संध्याकाळचा डोस मी दिलाच नाही, हिंमत झाली नाही. औषधाने बरी व्हायच्या आधी या धरपकडीनेच ती जाईल का? आणि नवतपा सुरू झालाय. कूलर लावला तर झोत लागतो, नाही लावला तर खोली तापते. परवा तीन तास लाइन गेली तेव्हा फ्रीझरमधली इंजेक्शनं विरघळली. ती वापरायची का? ज्यांनी असा प्राणी बरा केला आहे त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, डोस चुकवू नका. तिचा त्रास खरा आहे, पण कॅल्शियम न मिळणं त्याहून वाईट. फक्त धरायची पद्धत बदला. वरून हात गेला की तिला तो शिकारी पक्षी वाटतो. तिच्या पुढ्यात खालच्या बाजूने जाड फांदी धरा आणि मागून शेपटीपाशी हलकेच बोट लावा, आपोआप पुढे चढेल. जबडा उघडायला हात लावूच नका. फूत्कारते तेव्हा तोंड उघडं असतंच, तेव्हा सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला एकच थेंब सोडा. गिळू द्या, मग दुसरा. नाहीच उघडलं तर ओठाच्या कडेला थेंब ठेवा, बऱ्याचदा चाटून घेते. घाईने घशात सोडलं तर औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. वजन, औषध, इंजेक्शन सगळं एकाच वेळी उरका, मग पिंजऱ्यावर चादर टाकून तासभर तिकडे कोणी फिरकू नका.

विरघळलेली इंजेक्शनं पुन्हा गोठवू नका. डॉक्टरांना फोन करून नवीन मागा, आणि पुढच्या वेळी लाइन गेली की ती बर्फाच्या थर्मासमध्ये टाका. पहिल्या दवाखान्यात कोणतं व्हिटॅमिन टोचलं ते विचारून या डॉक्टरांना जरूर सांगा. डी३ अंगात साठतं, दुबार झालं तर विषासारखं बाधतं.

नवतप्यात तापवणारा बल्ब बंदच ठेवा, यूव्ही ट्यूब मात्र चालू हवी. दोन्हींचं काम वेगळं. फांदीपासून ट्यूब साधारण वीतभर वर असू द्या, मध्ये काच नको, काचेतून यूव्हीबी येत नाही. कूलर भिंतीकडे वळवा. पाणी वाटीत दिसत नाही तिला, पानांवर थेंब शिंपडा. फांद्या खाली आणा आणि तळाला जाड टॉवेल घाला, पडली तर दुसरं हाड जायला नको. आणि शेतातले नाकतोडे आणून देऊ नका, फवारणी असते.

धागाकर्ती:

दादा, खूप खूप आभार. डॉक्टरांना फोन केला, त्यांनीही फांदीचंच सांगितलं, आणि नवीन इंजेक्शनं उद्या मिळतील. पहिल्या दवाखान्यात अजून कोणी फोन उचलत नाही, उद्या स्वतः जाऊन चिठ्ठी घेऊन येते.

आज सकाळी जास्वंदीची जाड फांदी कापून आत धरली. पाच मिनिटं नुसती बघत राहिली. मग डावा पाय टाकला, वाकडा पाय हवेतच ठेवला आणि चढली. ओठाच्या कडेला थेंब ठेवला, तो चाटला. सातवा थेंब गिळेपर्यंत मी श्वास रोखून होते. मानेपाशी काळपट झाली, पण वीस मिनिटांत पुन्हा हिरवी. नंतर फांदीवरच्याच पानाची कड तिने कुरतडली. अंडी घातल्यापासून पहिल्यांदा स्वतःहून काही खाल्लं.

एक विचारायचं राहिलं. जीभ पूर्ववत होईपर्यंत झुरळ चिमट्याने थेट तोंडाशी धरायचं, की मऊ करून सिरिंजने भरवायचं? आणि रात्री खोली ३२ अंशांच्या खाली येत नाहीये, तेव्हा कूलर पहाटेपर्यंत चालू ठेवता का?