मदत हवी आहे : ग्राफ दोन उड्या मारून आडवा पडतोय

खानापूरकर :
उद्या दुपारी सबमिशन. फीडबॅक लूपचं (एक दुसऱ्याला वाढवतं, दुसरं पहिल्याला दाबतं) मॉडेल लिहिलंय, ग्राफ दोनदा वर-खाली होऊन आडवा पडतो. सरांना सतत लाटा हव्यात. लवकर सांगा, इकडं लाईटचा भरवसा नाही.

निपाणीचा_पावणा :
कुठला जीन? समीकरणं किती? लाईटचं तेवढं सांगितलंस.

खानापूरकर :
पी५३-एमडीएम२च की हो, दुसरं काय! पी५३ म्हणजे कर्करोग रोखणारं प्रथिन, एमडीएम२ त्याला आवरणारं. समीकरणं दोन. पी५३ एमडीएम२चा जीन चालू करतं, एमडीएम२ पी५३ला मोडीत काढतं.

घाटवाट :
हिल कोइफिशंट (प्रतिसाद किती झटक्यात चढतो तो आकडा) वाढव. माझ्या गुडविन मॉडेलात (तेही फीडबॅकचंच) ८च्या वर नेला तेव्हाच लाटा टिकल्या.

निपाणीचा_पावणा :
ते तीन पायऱ्यांच्या साखळीत हो. इथं दोनच, आणि कुणीच स्वतःला वाढवत नाही. हिल १०० केला तरी विझणारच. उशीर घाल. आरएनए बनणार, केंद्रकाबाहेर येणार, मग प्रथिन. एमडीएम२च्या समीकरणात आत्ताचं नको, तासाभरापूर्वीचं पी५३ घाल.

कुंदाप्रेमी :
आत्याला थायरॉइड आहे, डॉक्टर त्यालाही फीडबॅकच म्हणतात. कोबी बंद करावा का?

निपाणीचा_पावणा :
डॉक्टरांनाच विचारा की.

खानापूरकर :
उशीर घातला. तरी विझतंय!!

घाटवाट :
बघा. एमडीएम२ किती बनतं ते कसं लिहिलंस?

खानापूरकर :
सरळ, स्थिरांक गुणिले पी५३. सांगायचं राहिलं.

घाटवाट :
मर्दा, मग काय होणार! हिल ४ घाल, उशीर राहू दे.

निपाणीचा_पावणा :
बरं, दोन्ही लागतात. मान्य.

टिळकवाडी_लॅब :
पण जुळवायचंय कशाशी? ब्लॉटशी (पेशी फोडून प्रथिन किती ते बघायची चाचणी) असेल तर विझणारा ग्राफच बरोबर दिसतो. ब्लॉटसाठी लाखो पेशी एकत्र फोडतात. भजनात प्रत्येकाचा टाळ वेगळ्या वेळी पडावा तशी गत, सरासरी सपाट. २००४ साली गॅलित लहाव आणि सहकाऱ्यांनी एकेक पेशी पाहिली, तर किरणांचा डोस वाढला की शिखरांची उंची तीच, संख्या जास्त. व्हायव्हाला आजाराचं विचारतीलच : काही सार्कोमांत (चरबी, स्नायू, हाडांचे कर्करोग) एमडीएम२च्या जीनच्या प्रती वाढलेल्या असतात. पी५३ धडधाकट, पण जमूच दिलं जात नाही.

खानापूरकर :
लाटा आल्या! पण पी५३ शून्याखाली जातंय.

निपाणीचा_पावणा :
स्टेप, म्हणजे गणितातला वेळेचा टप्पा, केवढी? मोठी असली की असं होतं.

खानापूरकर :
अर्धा तास. साधा ऑयलर (टप्प्याटप्प्यानं समीकरण सोडवायची सगळ्यात सोपी पद्धत). हेही सांगायचं राहिलं.