जुन्या इमारतीच्या डोक्यावर काचेचा डोलारा: याला रिस्टोरेशन म्हणायचं?

झरोका (धागालेखक)
काल एका आयडीने ठणकावून सांगितलं की जुनी इमारत जगवायची तर तिच्यावर डोळे दिपवणारं नवं काम चढवायलाच हवं, नाहीतर ती मेलीच. आणि उदाहरण काय, तर हँबुर्गची एल्बफिलहार्मोनी, म्हणजे जुन्या गोदामावर बांधलेली संगीत सभागृहाची इमारत. अहो, त्या गोदामाचं वाचलं काय ते तरी बघा. आतून सगळं पोकळ केलं, विटांच्या भिंती तेवढ्या ठेवल्या, खाली पायाचे आधीचे १,१११ पाइल (जमिनीत ठोकलेले खांब) होते त्यात आणखी ६५० घातले आणि वर काचेची लाट. शहराच्या खिशातून जाणारा खर्च ७.७ कोटी युरोवरून ७८.९ कोटींवर. इमारत देखणी आहे, नाही कोण म्हणतंय, पण हे नवीन बांधकाम आहे, जुन्याच्या नावावर खपवू नका. त्यापेक्षा बर्लिनचं नॉयेस म्युझियम बघा. बॉम्बने उद्ध्वस्त झालेलं, आर्किटेक्ट चिपरफील्डने २००९ मध्ये उभं केलं, मधला मोठा जिना जुन्याच आकारात पण बिननक्षीचा, काँक्रीटचा. नवं कुठलं ते लगेच कळतं आणि तरी ते बोंबलत नाही.

वक्ररेषा
तो आयडी मीच, नाव घ्यायला लाज वाटली का? जुन्या वास्तू जपण्याची आंतरराष्ट्रीय सनद, १९६४ चा व्हेनिस चार्टर उघडा, कलम ९: नवीन भर घातली तर ती वेगळी ओळखू आली पाहिजे, तिच्यावर आजच्या काळाची छाप पाहिजे. पॅरिसच्या लूव्र म्युझियमच्या काचेच्या पिरॅमिडवर १९८९ च्या आधी लोकांनी किती आगपाखड केली आणि आज त्याच्यासमोर फोटोला रांगा. तुमच्यासारख्यांचं ऐकलं असतं तर तिथे आज नुसतं अंगण असतं.

झरोका
कलम ९ पाठ, मग १३ कोण वाचणार? मूळ इमारतीचा तोल आणि परिसराशी असलेलं नातं बिघडणार असेल तर भर घालूच नका, असं तिथेच लिहिलंय. सोयीचं तेवढं वाचायचं.

वक्ररेषा
आणि बिघडलं की नाही हे ठरवणार कोण, तुम्ही?

चुनखडी
तुमचं चालू द्या, पण मूळ रोगावर कोणीच बोलत नाही. रिस्टोरेशनच्या नावाखाली सरसकट प्लास्टर खरवडून विटा उघड्या करतात आणि त्याला ‘रॉ लूक’ म्हणतात. त्यातल्या कितीतरी विटा प्लास्टरखाली राहण्यासाठीच भाजलेल्या असतात, मऊ असतात, हात फिरवला की भुकटी. मग सांधे सिमेंटने भरायचे, म्हणजे भिंतीतली ओल चुन्याच्या सांध्यांतून जशी बाहेर पडायची ती बंद, आणि काही वर्षांनी विटेचाच पापुद्रा सुटतो. चुना वापरा म्हटलं की इंटिरियरवाले असे बघतात जणू मी शेण सारवायला सांगितलंय.

कोपऱ्यातला
चुनखडी +१. आमचं ऑफिस अशाच एका जुन्या गोदामात हलवलं, प्लास्टर गेलं, फॉल्स सीलिंग गेलं, पॉलिश काँक्रीटची जमीन, काचेच्या मीटिंग रूम. फोटोत भारी दिसतं हो. पण पलीकडच्या टोकाला कोणी शिंकलं तरी सगळे दचकतात, संध्याकाळी डोकं भणभणतं, आणि फोनवर बोलायचं तर जिन्यात जावं लागतं. प्लास्टर काढल्यावर आवाज घुमणारच ना!

नादखुळा
प्लास्टरला उगाच का फाशी देताय? साधं प्लास्टर काय आणि वीट काय, आवाज शोषायच्या बाबतीत दोन्ही ठणठणीत. तुमचा घोटाळा फॉल्स सीलिंग काढल्यामुळे झाला, त्या भुसभुशीत टाइल्सच आवाज पीत होत्या. आता छताला शोषक पॅनेल लावा आणि मागे पोकळी सोडून लावा, नाहीतर वरचे सूर तेवढे कमी होतील आणि खालचा घुमारा तसाच राहील.

कोपऱ्यातला
सांगितलं ना! डिझायनर म्हणाला छताची ‘प्रामाणिकता’ जाईल. पाइप नि वायरी दिसणं म्हणजे प्रामाणिकपणा म्हणे. शेवटी कोपऱ्यात दोन कुंड्या आणून ठेवल्या, आवाज कमी करायला.

वक्ररेषा
कुंड्या 😂 बरं, आवाजाचाच विषय निघालाय तर त्याच एल्बफिलहार्मोनीच्या हॉलमध्ये सुमारे १०,००० पॅनेल आहेत, प्रत्येकाचा खळगा वेगळा, तोयोता नावाच्या ध्वनितज्ज्ञाचं काम. म्हणजे नवं आणि झगमगीत असूनही कानाचा विचार होतो.

नादखुळा
होतो, मान्य. आणि तरी २०१९ मध्ये तिथेच योनास काउफमान गात असताना काही प्रेक्षक ओरडले की आम्हाला ऐकू येत नाहीये. प्रेक्षक चहूबाजूंनी बसवले की गायकाची पाठ कोणाकडे तरी असणारच, त्याला पॅनेल काय करणार.

झरोका
मूळ मुद्द्यावर या की लोकहो, धागा इमारतींचा आहे!

नादखुळा
इमारतीत कान बाहेर काढून ठेवून जातात का? तुमच्या लाडक्या म्युझियमातही उंच भिंती नि काँक्रीटच आहे, तिथे शाळेची सहल आली की उभं राहून दाखवा.

झरोका
तिथे निदान युद्धाच्या खुणा ठेवल्यात, त्या बघायला जातो माणूस, गप्पा मारायला नाही.

वक्ररेषा
खुणा बर्लिनच्या राइशटागमध्येही, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीत, ठेवल्यात, सोव्हिएत सैनिकांचं भिंतीवरचं लिखाण तसंच आहे, आणि वर आर्किटेक्ट फॉस्टरचा १९९९ चा काचेचा घुमट. आतल्या आरशांच्या शंकूतून खाली सभागृहात उजेड जातो, गरम हवा वरून बाहेर पडते. आता हाही डोलाराच का?

झरोका
नाही. तो कामाचा आहे. झालं समाधान? पण टोरंटोच्या म्युझियमला २००७ मध्ये चिकटवलेल्या त्या स्फटिकाच्या आकाराच्या नव्या भागाबद्दल असं बोलून दाखवा. तिरक्या भिंतींवर टांगणार काय?

चुनखडी
त्याला मात्र प्लास्टर करायची गरज नाही, एवढंच चांगलं.

वक्ररेषा
त्याचं समर्थन मी कधी केलं? उगाच माझ्या तोंडी घालू नका. आणि कोपऱ्यातले, पॅनेलचं काय झालं?

कोपऱ्यातला
बजेट नाही म्हणाले. तिसरी कुंडी येतेय.