मदत हवी आहे: ट्वीटरला वेगळा अँप (अँप्लिफायर) दिल्यावर सळसळ

नमस्कार मंडळी. टू-वे स्पीकरमधला (खालच्या सुरांना वूफर, वरच्यांना ट्वीटर) पॅसिव्ह क्रॉसओव्हर, म्हणजे सूर विभागणारा सर्किटचा भाग, काढून टाकलाय. आता डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर) क्रॉसओव्हर २५०० हर्ट्झला सिग्नल विभागतो (२४ डीबी प्रति ऑक्टेव्ह), आणि वूफर, ट्वीटरला वेगवेगळे अँप आहेत. तानपुऱ्याची जवार आणि डग्ग्याची घुमक इतकी सुटी ऐकू येते की मागे जायचं नाही! पण गाणं थांबलं की ट्वीटरमधून बारीक सळसळ येते, रात्री तर खोलीभर.

संवेदनशीलता (तेवढ्याच पॉवरला किती मोठा आवाज) बघितली तर वूफर ८६ डीबीचा, ट्वीटर ९१ चा. डीएसपीत ट्वीटर ५ डीबीने खाली आणला, सळसळ तेवढीच. ट्वीटरच्या अँपचं इनपुट शॉर्ट केलं की थांबते, म्हणजे ती डीएसपीच्या आउटपुटमधूनच येतेय. हम (विजेची घुंघुं) अजिबात नाही; सगळं एकाच विजेच्या बोर्डावर, अर्थिंगही तपासलंय. अँपला व्हॉल्यूमचा नॉब नाही आणि नवा अँप घ्यायचा नाही. सुटे भाग इथे इंदूरला महाराणी रोडवर मिळतील.

तर रेझिस्टरचा अॅटेन्युएटर अँपच्या इनपुटला लावू, की अँप आणि ट्वीटरच्या मध्ये एल-पॅड (आवाज कमी करणारी दोन रेझिस्टरची जोडी)? आणि चालू करतानाच्या धपक्यापासून ८ ओहमचा ट्वीटर वाचवायला २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला (साधारण १००० हर्ट्झच्या खालचं कापतो), तर २५०० ला फेज (वूफर-ट्वीटरच्या लहरींची जुळणी) किती बिघडेल?