येणारी नळी, जाणारी नळी, परतीची नळी

एका जुन्या डिझेल ट्रकच्या दुरुस्ती-पुस्तिकेचं मराठी करतोय. टाकीवरच्या सप्लाय (इंजिनाकडे डिझेल नेणारी) आणि रिटर्न (उरलेलं टाकीत आणणारी) लाईनला मी 'जाणारी नळी' आणि 'येणारी नळी' म्हटलं. मित्राने ते वाचून दोन्ही उलट्या जोडल्या. टाकी भरलेली होती तोवर गाडी चालली, पातळी खाली गेली तशी बंद पडली. चूक माझी की त्याची? दुसरे शब्द सुचवा.

प्रतिसाद:
तुमची. लिहिताना तुम्ही मनाने टाकीपाशी उभे होतात, तो पंपापाशी. टाकीपाशी जी जाणारी, तीच पंपापाशी येणारी. 'इन' आणि 'आउट'चंही तेच, फिल्टरचं 'आउट' म्हणजे पुढच्या पंपाचं 'इन'. 'परतीची' मात्र कुठूनही पाहा, परतीचीच. डिझेलचं घर टाकी, तिकडे जाते ती परतीची. परतीचा पाऊस म्हणताना बोलणारा कुठे उभा आहे हे कोण विचारतं? 'पुरवठ्याची'सुद्धा पक्की आहे, कारण पुरवायचं कुणाला हे ठरलेलं आहे: इंजिनाला.

प्रतिसाद:
मी 'शोषणनलिका' आणि 'प्रत्यागमननलिका' सुचवतो. 'नळी' पुस्तकात फार घरगुती वाटते.

प्रतिसाद:
शोषण म्हटलं की मोर्चा आठवतो हो. आणि 'इंधन'सुद्धा मुळात सरपणच, इन्ध् म्हणजे पेटवणे. घरगुतीपणाला एवढं काय भ्यायचं?

प्रतिसाद:
जुन्या गाड्यांवर काम करतो, म्हणून थोडं लांब लिहितो. आमच्यात 'सक्शन पाईप' आणि 'रिटर्न पाईप'च चालतं. सक्शन हा शब्द जास्त खरा आहे, कारण टाकीपासून फीड पंपापर्यंत (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. त्या पाईपला बारीक भेग पडली तर चालू गाडीखाली थेंब दिसेलच असं नाही, गाडी 'एअर घेते'. रिटर्न फुटली तर सरळ ओघळ दिसतो. 'पुरवठा' म्हटल्यावर माणूस गळती शोधत बसतो, हवा त्याच्या डोक्यातच येत नाही.

ओळखायचं कसं तेही पुस्तिकेत लिहा. सक्शन जाड, रिटर्न बारीक, असं बहुतेक ठिकाणी असतं. पण जुन्या गाडीत कुणीतरी हाताला येईल तो रबरी पाईप लावलेला असतो, तेव्हा जाडीवर जाऊ नका. नोझलांना डिझेल देणाऱ्या मोठ्या पंपाच्या कुशीला चिकटलेला छोटा फीड पंप शोधा, त्यावर हाताने मारायचा दट्ट्या असतो. टाकीकडून त्यात शिरते ती सक्शन. मग फिल्टर, मग मोठा पंप. मोठ्या पंपाच्या, जास्तीचं डिझेल सोडणाऱ्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून निघून टाकीकडे जाते ती रिटर्न. नोझलांवरची, तिथे उरलेलं डिझेल नेणारी बारीक लीक-ऑफ पाईप बहुधा तिलाच येऊन मिळते. शंका उरली तर रिटर्नचं टाकीकडचं टोक सोडून डब्यात धरा आणि दट्ट्या मारा. आधी बुडबुडे, मग डिझेल पडलं की झालं. पेट्रोल गाडीवर हे करू नका, तिथे वाफेची तिसरी नळीही असू शकते.

एक सांगायचं राहिलं. तो ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह कित्येक गाड्यांत साध्या पोकळ बोल्टसारखाच दिसतो. खोलताना अदलाबदल झाली की पंपात दाब टिकत नाही आणि चढावर गाडीचा दम जातो. 'बोल्ट' एवढंच लिहू नका, 'ओव्हरफ्लोचा बोल्ट' लिहा.

मूळ प्रश्नकर्ता:
पटलं. मग 'सक्शन (ओढीची) नळी' आणि 'रिटर्न (परतीची) नळी' असं ठेवतो. फीड पंपाच्या पुढचा भाग 'पुरवठ्याची नळी'.

प्रतिसाद:
आणि दोन टाक्यांच्या ट्रकमध्ये? एका टाकीतून ओढलेलं डिझेल दुसरीत परतू शकतं. म्हणून बदलाच्या कॉकने सक्शन आणि रिटर्न दोन्ही एकदम फिरायला हव्यात. नुसती सक्शन फिरली तर एक टाकी रिकामी होत जाते आणि आधीच भरलेली दुसरी वरून सांडते. डिझेलचं घर टाकी, हे तिथे कसं बसवणार?

मूळ प्रश्नकर्ता:
तिथे 'डाव्या टाकीची परतीची' आणि 'उजव्या टाकीची परतीची' असं लिहावं लागेल. पण डावी म्हणजे चालकाची डावी की समोर उभं राहून बघणाऱ्याची, हे आधी लिहितो. नाहीतर मित्र पुन्हा फोन करेल.