समुद्रकाठच्या छोट्या गावात राहायला जातोय. रोजचं जगणं कसं असतं?

नवीबदली:
नवऱ्याची बदली समुद्रकाठच्या एका छोट्या गावात झाली आहे. तीन-चार वर्षं तरी हलणं नाही. आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि सासरे. आजवर समुद्र पाहिला तो सुट्टीत, दोन दिवसांपुरता. दोन घरं पाहिली आहेत. एक अगदी पाण्यासमोर, गॅलरीतून लाटा दिसतात. दुसरं बाजाराच्या मागे, बरंच आत. मन पहिल्यावर बसलंय. वर्षभर राहिलेल्यांनी सांगा, तिथे दिवस कसे जातात?

वाइंडिंगवाला:
ताई, आतलं घर घ्या. सोळा वर्षं झाली, अशाच गावात मी मोटारी, पंप, पंखे दुरुस्त करतो. तेव्हा आधी गंजाचंच सांगतो.

लाट फुटली की बारीक तुषार वाऱ्यावर चढतात. पाणी उडून जातं, मीठ उरतं आणि ते हवेतली ओल धरून बसतं. परवा पाण्यासमोरच्या घरातला एक पंप आला. दोन वर्षं वापरलेला, बाहेरून रंग शाबूत. झाकणाच्या स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लावला तर स्क्रूचं डोकं भुगा होऊन हातात आलं. आत तांब्याच्या टोकांवर हिरवा कळंक. पंख्यांचंही तेच. पात्याच्या कडेला काळपट थर असतो, पुसताना बोटं चिकटतात.

आत जाल तसं मीठ कमी होतं. मधे झाडं किंवा इमारती असल्या तर आणखी कमी. तरी समोरचंच घ्यायचं ठरलं तर कड्या, बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या लावा, आणि त्याही ३१६ नंबरच्या मागा. नेहमीचं ३०४ तिथे डागाळतं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठापुढे जास्त तग धरतं. ग्रिल आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा. घर घेताना छत नीट बघा. सळईच्या रेषेत भेग दिसली तर आतली सळई गंजून फुगलेली असण्याची शक्यता मोठी. वरून रंग फासून ते थांबत नाही.

एवढं सगळं असूनही मला दुसरीकडे राहायचं नाही. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, आणि निम्मं गाव त्या वेळेवर चालतं. होडी पहाटे तीनच्या भरतीला काढायची असली की इंजिनाचं काम घेऊन माणूस रात्री बाराला दार वाजवतो. मी उठतो. दुपारी खारे वारे सुटतात, घरातला पडदा आत फुगतो. रात्र चढली की मतलई वारे, तोच पडदा खिडकीबाहेर ओढला जातो. सोळा वर्षांत मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

सासऱ्यांसाठी एक. मोठं हॉस्पिटल किती लांब, हे घराच्या आधी विचारा. माझ्या आईला रात्री धाप लागली तेव्हा तासाभराचा रस्ता होता. शेजारच्या होडीवाल्याने न सांगता गाडी काढली. आई वाचली. तो तास मात्र अजून डोळ्यांपुढे येतो.

विहिरीकाठी:
दादांनी पाण्याचं सांगितलं नाही. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर ते १ मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं सापडतं. पण उपसा वाढून वरची पातळी अर्धा मीटर उतरली, की खालचं खारं हळूहळू वीसेक मीटर वर सरकतं. आम्हाला घर पावसानंतर दाखवलं, पाणी छान होतं. कोरड्या दिवसांच्या शेवटी साबणाला फेस येईना. तेव्हा शेजाऱ्यांना विचारा, सगळ्यात वाईट महिन्यात पाणी कसं असतं ते.

बाकी मी पाण्यासमोरच राहते आणि पुन्हा निवडायचं झालं तरी तेच निवडीन. गंजाशी झुंजायची तयारी हवी, इतकंच.

नवीबदली:
दोघांचेही आभार. मुलगी रोज पाण्यात जायचा हट्ट धरणार. काय करू?

वाइंडिंगवाला:
जाऊ द्या, पण तुम्ही बरोबर असताना आणि गुडघ्याएवढ्याच पाण्यात. आणि तिला एक गोष्ट आत्ताच शिकवा. लाटा फुटत असतात आणि मधेच एक पट्टा गुळगुळीत, शांत दिसतो. नवख्याला तीच जागा बरी वाटते. बऱ्याचदा तिथूनच पाणी जोराने समुद्राकडे परत जात असतं. त्यात सापडलं तर सरळ किनाऱ्याकडे हात मारायचे नाहीत, माणूस दमतो. काठाला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडायचं, मग वळायचं. पोहवत नसेल तर तरंगत राहून हात वर करायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, तेव्हा नेहमीची वाळूही पाण्याखाली जाते.

आणखी एक. पाणी एकाएकी कधी नव्हे इतकं मागे हटलं, तर शिंपले वेचायला थांबायचं नाही, उंचावर पळायचं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीची लाट येण्याआधी कित्येक किनाऱ्यांवर समुद्र असाच मागे गेला होता.

माझ्या मुलाला मी हे वाळूत काडीने रेघा ओढून दाखवलं, तेव्हा तो सात वर्षांचा होता. आता किनाऱ्यावर गेलो की तोच आधी उभा राहून मला सांगतो, बाबा, आज पट्टा तिकडे आहे.